दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस असलेला, मुलांसोबत बघण्याजोगा अद्भुत साहसपट कोणता?

माझं उत्तर: 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' (2022). पहिला भाग 2011 चा. तो वाईट नाही, पण जादूचं बी, ढगातला किल्ला, सोन्याची अंडी, एवढ्यावरच दमतो. बघून झाला की विसरला.

दुसऱ्यात तलवारबाज बोक्याच्या नऊ जन्मांपैकी आठ संपलेत आणि त्याला पहिल्यांदाच भीती वाटते. मागे एक शीळ घालणारा लांडगा लागलाय; तो नेमका कोण, हे सांगत नाही. जंगलात घाबरून बोक्याचा श्वास कोंडतो, तेव्हा त्याच्यासोबतचं एक वेडगळ कुत्रं उपदेश न करता नुसतं त्याच्या पोटावर डोकं ठेवतं. लहान मुलांच्या सिनेमात इतकं समंजस दृश्य मी क्वचितच पाहिलंय. इच्छा पुरवणाऱ्या ताऱ्याकडे नेणाऱ्या नकाशाची कल्पनाही मस्त: हातात घेणारा बदलला की वाट बदलते. चित्रणही वेगळं, रंग ब्रशने मारल्यासारखे, आणि मारामारीत हालचाल मुद्दाम तुटक ठेवलीये. जॅक हॉर्नर हा खलनायक मात्र मला जरा जास्तच ताणलेला वाटला.

इंदुरात रामबागेत आमच्या घरी भाचरांसोबत लावला, तर सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खायला निघालेली मोठी मंडळीसुद्धा चपला काढून परत बसली. ताईची धाकटी मात्र लांडगा दिसला की आजीच्या पदराआड. पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं असतील तर शेजारी बसा. पहिला भाग आधी बघायची गरज नाही.