‘हार्डनेस रेशो’ला ‘काठिण्य गुणोत्तर’ म्हणावं का?

आकाशातल्या क्ष-किरण स्रोतांच्या वर्गीकरणावर मराठीत लिहिताना हा शब्द चालेल का, असा प्रश्न आहे. स्रोताचे जास्त ऊर्जेचे (‘हार्ड’) आणि कमी ऊर्जेचे (‘सॉफ्ट’) क्ष-किरण किती, याची तुलना करणारा हा आकडा. चालेल, पण दोन्ही पदं अडचणीची आहेत.

‘काठिण्य’ म्हटलं की खनिजं आणि त्यांचा कठीणपणा मोजणारी मोह्सची मोजपट्टी आठवते. इथे ‘हार्ड’चा अर्थ जास्त ऊर्जेचे, जास्त भेदक किरण. मूळ अर्थाला ‘भेदक’ सर्वांत जवळचा. तरी ‘मृदू’शी (‘सॉफ्ट’शी) जोडी जमते म्हणून मी ‘कठोर’ घेईन. एका इंग्रजी शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द हवा असं थोडंच आहे! ‘हार्ड वॉटर’ला आपण दुष्फेन पाणी म्हणतोच की.

‘गुणोत्तर’ मात्र सरळ दिशाभूल करतं. ऊर्जेच्या कठोर पट्ट्यात मोजलेले फोटॉन (प्रकाशकण) क, मृदू पट्ट्यातले म धरले, तर सहसा वापरतात ते सूत्र (क − म) ÷ (क + म). म्हणजे फरक भागिले बेरीज. उत्तर −१ ते +१ मध्येच. क ÷ म हे खरं गुणोत्तर कधीच ऋण येत नाही. म्हणून ‘कठोरता निर्देशांक’ बरा. पट्टे मात्र दर वेळी लिहावेत: ‘चंद्रा’ या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या स्रोतसूचीत मृदू ०.५ ते १.२, मध्यम १.२ ते २ आणि कठोर २ ते ७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहेत. पट्टे बदलले की आकडाही बदलतो.

म = ३०, क = १० असेल तर निर्देशांक −०.५, त्रुटी सुमारे ०.१४. म = ३, क = १ असतानाही −०.५च, पण त्रुटी ०.४३. आणि म = ३, क = ० झालं की नेहमीचं त्रुटीसूत्र चक्क शून्य त्रुटी सांगतं! तीन फोटॉनांवर इतकी खात्री? हे सूत्र भरपूर फोटॉन गृहीत धरतं. मोजके असतील तर प्वासाँ वितरण (मोजक्या घटनांच्या संख्येचं संभाव्यता-सूत्र) धरून बेझच्या संभाव्यता-पद्धतीने खरा निर्देशांक कुठल्या पल्ल्यात असेल ते काढावं, पार्श्वभूमीचे फोटॉनही त्याच गणितात घ्यावेत.

शिवाय, ‘कठोर स्रोत’ हा वर्ग नव्हे. वाटेतला वायू मृदू किरण गिळतो, त्यामुळे वायूआडची सक्रिय दीर्घिकाही (मध्यावरच्या कृष्णविवरामुळे तेजस्वी झालेली) कठोर दिसते. चंद्राच्या एसिस कॅमेऱ्यावर साचत गेलेल्या थरामुळे मृदू किरणांची संवेदनशीलताही घटली आहे. २००० आणि २०२० चे कच्चे निर्देशांक थेट ताडून पाहू नयेत. एवढ्या एका निर्देशांकावरून स्रोताचा वर्ग ठरवायचा नसतो. प्रकाशीय तेजस्विता, तेजातला बदल हे सोबत लागतंच.