एकच डोळा, दोन आकडे

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह असून डोळ्याच्या पडद्याला सूज आल्यामुळे उजव्या डोळ्यात इंजेक्शने चालू आहेत. एप्रिलमध्ये रत्नागिरीत काढलेल्या ओसीटीत (प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या छेदांची चित्रे घेणाऱ्या तपासणीत) पडद्याची मध्यभागची जाडी २९४ मायक्रॉन होती. तीन आठवड्यांनी ती भावाकडे मुंबईला गेली असता तेथे जाडी ३१० आली. दिसण्यात तिला काही फरक वाटत नाही. सूज वाढली असे समजावे काय? दोन्ही अहवालांच्या प्रती जोडल्या आहेत. – एक वाचक, देवगड

उत्तर : केवळ या दोन आकड्यांवरून तसे समजू नये. प्रतींवर यंत्रांची नावे छापलेली आहेत. रत्नागिरीचे यंत्र सिरस आहे आणि मुंबईचे स्पेक्ट्रॅलिस. दोन्हींत मोजणी पडद्याच्या आतल्या पृष्ठभागापासूनच सुरू होते, परंतु सिरस रंगद्रव्य पेशींच्या थराशी थांबते, तर स्पेक्ट्रॅलिस त्याखालच्या ब्रूख पटलापर्यंत जाते. चिऱ्याची एकच भिंत एका गवंड्याने गिलावा सोडून आणि दुसऱ्याने गिलाव्यासकट मोजावी, तसा हा प्रकार आहे. पूर्वीचे स्ट्रॅटस यंत्र तर याहून अलीकडेच थांबत असे, त्यामुळे त्याचा आकडा स्पेक्ट्रॅलिसपेक्षा साधारण ७० मायक्रॉनने कमी येई. तसा जुना अहवाल घरात असेल तर तो या रांगेत बसवू नये.

मध्यभागी सूज आहे असे ठरवण्यासाठी मधुमेही रुग्णांवरील मोठ्या अमेरिकी चाचण्यांत वापरलेली मर्यादाही यंत्रागणिक वेगळी आहे : स्त्रियांसाठी सिरसवर २९०, स्पेक्ट्रॅलिसवर ३०५, पुरुषांसाठी अनुक्रमे ३०५ आणि ३२०. म्हणजे तुमच्या आईचे दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेच्या चार-पाच मायक्रॉनच वर आहेत. महागड्या यंत्रावर मोजले म्हणून ३१० खरे आणि २९४ खोटे, असेही नाही.

आकड्यापेक्षा चित्र आधी पाहावे, असा माझा आग्रह असतो. रत्नागिरीच्या प्रतीवर सिग्नल, म्हणजे चित्राच्या स्पष्टतेचा आकडा, दहापैकी सात आहे, म्हणजे पुरेसा आहे. मोतीबिंदू पिकलेला असता तर तो घसरला असता. मुंबईच्या एका छेदात यंत्राने आखलेली खालची रेघ जाग्यावरून सरकलेली दिसते. अशी चूक मध्यवर्ती एक मिलिमीटरच्या वर्तुळात झाली असती तर आकडाच फसवा ठरला असता. येथे ती त्याच्या बाहेर आहे.

पुढील तपासण्या शक्यतो रत्नागिरीतच, त्याच यंत्रावर कराव्यात. मुंबईतच राहायचे ठरले, तर ३१० हा आकडा नवा आरंभ धरावा आणि २९४ शी त्याची वजाबाकी करू नये. डॉक्टर बदलताना केवळ आकडा न सांगता छेदांची सर्व चित्रे द्यावीत. पुढचे इंजेक्शन मात्र या उत्तरावर विसंबून लांबवू नये. तो निर्णय दृष्टी आणि चित्र दोन्ही तपासून तिच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. दरम्यान तिने एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहावेत, आणि ते वाकडे दिसू लागले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.