अपाचे घेतली, उडालं की बंद पडला?

अमळनेरच्या एका वाचकाने विचारलंय : पोराने अपाचे गाडी घेतली, पेपरात अपाचे हेलिकॉप्टरची बातमी येते, कॉम्प्युटरच्या क्लासात अपाचे सर्व्हर शिकवतात. हे सगळं एकाच कंपनीचं का? आणि लिहायचं अपाचे की अपॅची?

कंपनी एक नाही. गाडी टीव्हीएसची, हेलिकॉप्टर बोइंगचं. सर्व्हर, म्हणजे वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नाही. १९९५ साली तो आला आणि १९९९पासून एक ना-नफा संस्था तो सांभाळते. नाव मात्र मुळात अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या आदिवासींचं. चिरिकाहुआ, मेस्कालेरो अशा कितीतरी गटांना बाहेरच्यांनी सरसकट अपाचे म्हटलं. शेजारच्या झुनी भाषेत 'अपाचू' म्हणजे शत्रू. तिथून ते स्पॅनिशांच्या तोंडी बसलं, असं बरेच अभ्यासक मानतात. अपाचे लोकांचा स्वतःसाठीचा शब्द 'न्दे', म्हणजे माणसं. त्यांचा लढवय्या जेरोनिमो १८८६ मध्ये शरण आला आणि १९०९ मध्ये युद्धकैदी म्हणूनच वारला. ज्या अमेरिकी लष्कराने त्याला कैदेत ठेवलं, त्यानेच पुढे आपल्या हेलिकॉप्टरला अपाचे नाव दिलं. याला ते मान देणं म्हणतात, मला ते पटत नाही. सर्व्हरवाल्यांनीही आदरापोटीच नाव घेतल्याचं सांगितलं होतं, तरी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आदिवासी तंत्रज्ञांच्या एका संस्थेने ते बदलायची मागणी केली. पॅरिसमध्ये तर शंभरेक वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या गुंडांनाच याच नावाने, फ्रेंच उच्चारात 'अपाश' म्हणत.

आता उच्चार. इंग्रजीत 'अपॅची' म्हणतात, पण इंग्रजीत हा शब्द गेला स्पॅनिशमधून, आणि स्पॅनिश उच्चार आपल्या 'अपाचे'च्या अगदी जवळचा आहे. तेव्हा बिनधास्त अपाचे लिहा.

घोळ होईल ही भीती मात्र सोडा. आपलं क्रियापद तो होऊ देत नाही. 'अपाचे घेतली' म्हटलं की मोटरसायकल, कारण मनात 'गाडी' आहे. 'अपाचे उडालं' म्हटलं की हेलिकॉप्टर. २०१९ मध्ये 'अपाचे पठाणकोटला दाखल झाली' असं म्हटलं तर तीही हेलिकॉप्टरंच, फक्त अनेक. 'अपाचे बंद पडला' म्हणजे सर्व्हर, आणि 'अपाचे लढले' म्हणजे माणसं. जळगावच्या शोरूमबाहेर कुणी अहिराणीत 'नवी अपाचे उनी' (आली) म्हणालं, तर कुणी आभाळाकडे बघणार नाही. परक्या नावाला स्वतःचं लिंग नसतं. ज्या वस्तूला ते चिकटतं, तिचं लिंग ते घेतं. पल्सर, बुलेट, स्प्लेंडर या सगळ्या याच नियमाने स्त्रीलिंगी झाल्या.

लेखनात एक पथ्य जरूर पाळा. माणसांबद्दल लिहिताना नुसतं 'अपाचे' न लिहिता 'अपाचे लोक' लिहा, आणि गट माहीत असेल तर मेस्कालेरो, चिरिकाहुआ असं त्याचंच नाव घ्या.