सासूबाईंची चेरोकी पणजी: शोध कुठून सुरू करायचा

तुमचा प्रश्न मी असा समजले. सासूबाई टेनेसीच्या, वय सत्तरीच्या पुढे. त्यांची पणजी 'चेरोकी राजकन्या' होती (चेरोकी ही अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात) आणि चेरोकींना हाकलायला सैनिक आले तेव्हा ती डोंगरात लपून राहिली, असं त्या लहानपणापासून सांगत आल्या आहेत. तुमच्या नवऱ्याने डीएनए चाचणी केली, तर मूलनिवासी वंश शून्य टक्के. घरातले सगळे हिरमुसले. आता बाळ येणार आहे, तर ही गोष्ट वंशावळीत लिहायची का आणि बाळाला चेरोकी नागरिकत्व मिळेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं ओक्लाहोमात राहते. माझी थोरली सून चेरोकी नेशनची, म्हणजे ओक्लाहोमातल्या चेरोकी सरकारची, नागरिक आहे. तिच्या माहेरची वंशावळ तिची आई आणि मी मिळून शोधली, त्याला साडेतीन वर्षं लागली. पुढे ओळखीतल्या आणखी काही घरांसाठी हेच काम केलं. थोड्या घरांत चेरोकी पूर्वज सापडले, बऱ्याच घरांत नाही सापडले.

आधी पिढ्यांचा हिशेब मांडा. सासूबाईंचा जन्म १९५०-५५ च्या सुमाराचा धरला आणि पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली, तर पणजी जन्मली १८७० च्या आसपास. चेरोकींना हाकललं १८३८ साली. म्हणजे डोंगरात लपलेली बाई पणजी असूच शकत नाही. असलीच तर ती पणजीची आजी. घरात तोंडी चालत आलेल्या गोष्टींत हे नेहमी होतं. मधल्या पिढ्या गळतात आणि सगळं एकाच बाईच्या नावावर जमा होतं. गोष्ट खोटी ठरली असं नाही, पण शोधायची बाई बदलली.

आता तो शून्य टक्के. सासूबाईंची पणजी पूर्ण चेरोकी असती, तर तुमच्या नवऱ्यात सरासरी सहा टक्के वाटा उतरला असता, आणि एवढा वाटा पूर्ण नाहीसा होणं अवघड. पण पणजीची आजी चेरोकी असेल, तर वाटा जेमतेम दीड टक्का. तो वाटेत गळून जाऊ शकतो. शिवाय १८३८ पर्यंत कितीतरी चेरोकी घरांत स्कॉटिश आणि इंग्रज व्यापाऱ्यांशी सोयरीक झालेली होती. त्यांचे मुख्य प्रमुख जॉन रॉस रक्ताच्या हिशेबाने एक अष्टमांशच चेरोकी होते, तरी १८२८ पासून १८६६ पर्यंत ते त्या पदावर राहिले. तेव्हा या शून्याने निकाल लागत नाही. जमलं तर चाचणी सासूबाईंची करा, त्या एक पिढी जवळ आहेत. मात्र 'तुम्ही चेरोकी आहात' असं कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. जमात कोणती हे लाळेत लिहिलेलं नसतं, आणि नागरिकत्वासाठी अमेरिकेत मान्यता असलेली तिन्ही चेरोकी सरकारं असा अहवाल पुरावा म्हणून धरत नाहीत.

'राजकन्या' हा शब्द तर काढूनच टाका. चेरोकींमध्ये राजे नव्हते, त्यामुळे राजकन्याही नव्हत्या. त्यांची सात कुळं आहेत आणि कूळ आईकडून येतं. चेरोकी बाईने गोऱ्या माणसाशी लग्न केलं तरी मुलं आईच्या कुळाची, म्हणून चेरोकीच. आपल्याकडच्या बऱ्याच कुळवृत्तांतांत मुलगी लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथेच थांबते. ती सवय इथे सोडावी लागते. बायकांना मान होता, पण तो कर्तृत्वाने मिळायचा. नॅन्सी वॉर्ड यांना 'घिगाउ' (लाडकी स्त्री) हा किताब होता आणि पंचायतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांची समाधी टेनेसीतच, पोक काउंटीत आहे.

प्रत्यक्ष शोध चेरोकी बाईपासून सुरू करू नका. तो सासूबाईंपासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा. आज त्यांच्याजवळ बसा, फोनवर आवाज मुद्रित करा. पणजीचं माहेरचं नाव, गाव, काउंटी, दफनभूमी, भावंडं, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली, सगळं विचारा. मग पणजीचा मृत्यूचा दाखला मिळवा, त्यात आईवडिलांची नावं असतात. १९०० च्या जनगणनेत प्रत्येकाच्या जन्माचा महिना आणि साल आहे, तिथे ती सापडली तर पाया पक्का. १८९० ची जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी नष्ट झाली, त्यामुळे १८८० ते १९०० ही उडी विवाहाच्या नोंदी आणि जमिनीच्या दस्तांवरून मारावी लागते. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर यातलं बरंच फुकट आहे.

हे करताना माणसाइतकंच ठिकाणाकडे लक्ष द्या. माझ्या मते सगळ्या शोधात महत्त्वाचा प्रश्न हाच: त्या त्या साली हे कुटुंब कुठे राहत होतं? १८३० च्या दशकात टेनेसीत चेरोकींचा मुलूख उरला होता तो फक्त आग्नेय कोपऱ्यात, हायवासी नदीच्या दक्षिणेला. आजचं चॅटनूगा तेव्हा रॉसेस लँडिंग होतं, आणि जॉर्जियाने सभा बंद पाडल्यावर चेरोकींची पंचायत ब्रॅडली काउंटीतल्या रेड क्ले इथे भरायची. पणजीचे आजीआजोबा या भागात किंवा शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात होते असं दिसलं, तर गोष्टीत जीव आहे. ते तेव्हा मेम्फिसकडे शेती करत असतील, तर ते चेरोकी मुलखात राहतच नव्हते.

त्या वर्षांत काय घडलं ते थोडक्यात सांगते, कारण कागद त्यातूनच निर्माण झाले. डिसेंबर १८३५ मध्ये न्यू एकोटा या त्यांच्या जॉर्जियातल्या राजधानीत मूठभर चेरोकींनी सगळा मुलूख सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. रॉस आणि बहुसंख्य लोक विरोधात होते, तरी अमेरिकेच्या सिनेटने एका मताच्या फरकाने तो मंजूर केला. १८३८ मध्ये लष्कराने माणसांना घरांतून उचलून छावण्यांत कोंडलं. सुमारे सोळा हजार लोक पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात नेले, काही नदीने, बहुतेक पायी आणि बैलगाड्यांतून, नॅशव्हिल, केंटकी, इलिनॉय, मिसुरी ओलांडत, ऐन थंडीत. चार हजारांच्या आसपास माणसं दगावली असं मानतात. केंटकीत हॉपकिन्सव्हिलला व्हाइट पाथ आणि फ्लाय स्मिथ या दोन वृद्ध प्रमुखांना वाटेतच पुरलं. सुनेबरोबर मी तिथे गेले होते. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

या लोकांची मोजणी सरकारने पुन्हा पुन्हा केली, कधी हाकलण्यासाठी, कधी पैसे वाटण्यासाठी. त्यामुळे चेरोकी ही फार बारकाईने नोंदलेली माणसं आहेत. १८३५ च्या हेंडरसन रोलमध्ये (रोल म्हणजे सरकारी नामावली) कुटुंबप्रमुखाचं नाव, कुठल्या ओढ्याकाठी घर, किती एकर शेत, किती मका, घरात किती जण चेरोकी लिपी वाचतात, इतकं आहे. जे पूर्वेलाच राहिले त्यांच्यासाठी १८५१ चा सायलर रोल आणि १८५२ चा चॅपिन रोल, आणि त्यांत घरातल्या प्रत्येकाचं नाव. तुमची लपून राहिलेली बाई किंवा तिची मुलं असायला हवीत ती इथे.

पण तुमच्यासाठी खरा खजिना गायन मिलर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे आलेल्या अर्जांचा. करारभंगाची भरपाई वाटायची म्हणून १९०६ ते १९०९ दरम्यान पूर्वेकडच्या मूळ चेरोकींच्या वंशजांकडून अर्ज मागवले गेले. सुमारे ४६ हजार अर्ज आले. अर्जात स्वतःचं इंग्रजी आणि चेरोकी नाव, आईवडील, दोन्हीकडचे आजीआजोबा, भावंडं, काका-मामा-आत्या-मावश्या, आणि १८५१ मध्ये ते कुठे राहत होते, हे सगळं भरायचं होतं. सासूबाईंची पणजी तेव्हा पस्तीस-चाळीस वर्षांची होती. तिने स्वतः किंवा तिच्या भावंडाने अर्ज केला असू शकतो. अर्ज नामंजूर झालेला असला तरी वाचा, एकाच कागदावर तीन पिढ्या मिळतात. मात्र नुसता अर्ज म्हणजे पुरावा नव्हे. पैसे मिळणार म्हटल्यावर ऐकीव गोष्टीवर हजारोंनी अर्ज केले होते.

सुनेच्या घरचा धागा पश्चिमेकडचा. डॉज कमिशनच्या (चेरोकी नेशनच्या नागरिकांची नोंद करणाऱ्या सरकारी आयोगाच्या) कार्डावर तिच्या खापरपणजीचं नाव मिळालं, त्यावरून १८८० ची चेरोकी जनगणना, तिथून १८५२ चा ड्रेनन रोल, तिथून जॉर्जियातल्या कूसावाटी नदीकाठचं घर. ऐकायला सरळ वाटतं, पण दोन वर्षं आम्ही एका जागी अडकलो होतो. दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी होती. एकाने वडिलांच्या चेरोकी नावाचं इंग्रजी भाषांतर आडनाव म्हणून घेतलं होतं, दुसऱ्याने मूळ नावच, कारकुनाला ऐकू आलं तसं. गाठ सुटली ती खापरपणजीच्या जबानीत. कमिशनपुढे तिने आईचं नाव आणि दोन्ही मामांची नावं सांगितली होती. म्हणून नुसती यादी बघून थांबू नका, मागचे जबानीचे कागद मागवा.

आणखी एक शक्यता, जी घरात बोलायला जड जाते. दक्षिणेत गुलामगिरीच्या काळात आणि नंतरही, सावळ्या रंगाचं कारण म्हणून 'आजी चेरोकी होती' असं सांगून कितीतरी कुटुंबांनी स्वतःला वाचवलं आहे. अहवालात आफ्रिकी वंशाचा लहानसा आकडा असेल, तर तोही तितक्याच आदराने शोधा. काही श्रीमंत चेरोकींनीही काळी माणसं गुलाम ठेवली होती आणि तीही त्याच वाटेने पश्चिमेला चालत गेली. १८६६ च्या कराराने त्यांना चेरोकी नेशनमध्ये हक्क मिळाले, पण त्यांच्या वंशजांना नागरिकत्वासाठी २०१७ च्या न्यायालयीन निकालापर्यंत झगडावं लागलं.

बाळाच्या नागरिकत्वाचं स्पष्ट सांगते: बहुधा नाही. चेरोकी नेशनला डॉज रोलवर थेट पूर्वज लागतो, आणि १८९८ ते १९०६ दरम्यान तयार झालेल्या त्या रोलसाठी आजच्या ओक्लाहोमातल्या त्यांच्या मुलखात राहणं आवश्यक होतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या ईस्टर्न बँडला १९२४ च्या बेकर रोलवरचा पूर्वज आणि किमान एक षोडशांश रक्त लागतं. ओक्लाहोमातल्या तालेक्वाच्या युनायटेड कीटूवा बँडची अट एक चतुर्थांश. अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्य केलेली चेरोकी राष्ट्रं ही तीनच. पैसे घेऊन कार्ड देणाऱ्या बाकीच्या 'जमातीं'पासून लांब राहा. २०१० च्या जनगणनेत ८,१९,१०५ लोकांनी स्वतःला चेरोकी म्हटलं होतं, नोंदलेले नागरिक तेव्हा त्याच्या निम्मेही नव्हते. माझी सून म्हणते, आमच्याकडे किती टक्के हे कोणी विचारत नाही, तू कोणाची, हे विचारतात.

वंशावळीत गोष्ट जरूर लिहा, पण ती सासूबाईंनी सांगितली म्हणून, त्यांच्या शब्दांत, तारीख टाकून. त्याखाली वेगळ्या शाईने कागदांत काय मिळालं ते. पणजीचं नाव, काउंटी आणि १९०० च्या जनगणनेचं पान मिळालं की मला खासगी निरोपात पाठवा, इथे उघड टाकू नका. गायन मिलरची सूची मी तुमच्याबरोबर बसून बघेन. शनिवारी सकाळी मला वेळ असतो.