मेंटल नर्व्ह ‘मानसिक’ नव्हे: खालच्या जबड्याच्या चेतेची मराठी नावे

प्रश्न असा आहे: अक्कलदाढ काढण्यापूर्वी रुग्णाच्या हाती द्यायचे माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात मॅन्डिब्युलर नर्व्हची ‘अधोहनु तंत्रिका’, मेंटल नर्व्हची ‘मानसिक तंत्रिका’ आणि लिंग्वल नर्व्हची ‘भाषिक तंत्रिका’ झाली आहे. यातले काय ठेवावे, काय बदलावे? आणि नर्व्हला नस म्हणावे, शीर म्हणावे, मज्जातंतू की चेता?

‘मानसिक’ आधी खोडा. लॅटिनमध्ये मन म्हणजे ‘मेन्स’ आणि हनुवटी म्हणजे ‘मेन्टुम’. इंग्रजीत दोन्हींचे विशेषण ‘मेंटल’ असेच होते. ही चेता हनुवटीची आहे, मनाशी तिचा काही संबंध नाही. दाढ काढताना ‘मानसिक तंत्रिकेला’ इजा होऊ शकते असे वाचल्यावर रुग्ण किती धास्तावेल, याचा विचार करा. ‘भाषिक’ची गत तीच. ‘लिंग्वा’ म्हणजे जीभही आणि भाषाही. इथे अर्थ जिभेचा. म्हणून ‘हनुवटीची चेता’ आणि ‘जिभेची चेता’. ही दोन नावे कोणालाही समजावून सांगावी लागणार नाहीत.

आता नर्व्ह. बोलण्यात आपण ‘नस’ म्हणतो, पण नस आपल्याकडे फार कामे करते. इंजेक्शन नसेतून देतात तेव्हा ती रक्तवाहिनी असते, पायाची नस चढते तेव्हा तो स्नायूचा गोळा असतो आणि पाठीत नस दबते तेव्हा कुठे ती नर्व्ह असते. ‘शीर’ तर मुळात रक्तवाहिनीच. तुमच्या पत्रकात रक्तस्रावाचा मुद्दाही येणार आणि बधिरपणाचाही, मग दोन्हीकडे ‘नस’ ठेवून चालणार नाही. ‘मज्जातंतू’ जुना आणि रुळलेला शब्द आहे, पण त्यातली मज्जा वाचकाला हाडाच्या पोकळीत घेऊन जाते. ‘तंत्रिका’ मराठी विश्वकोशात आहे. शाळेच्या विज्ञानात मुले ‘चेतासंस्था’, ‘चेतापेशी’ शिकतात. मी ‘चेता’ घेईन. शब्द लहान आहे, षष्ठीबरोबर सहज बसतो आणि चेतवणे, चेतना यांच्याशी असलेले नाते कानाला लगेच कळते. पत्रकात पहिल्यांदा ‘संवेदनेची नस, म्हणजे चेता’ असे लिहा आणि पुढे नुसते ‘चेता’ ठेवा.

‘अधोहनु’ चुकीचा नाही. संस्कृतात हनु म्हणजे जबडा. इंद्राच्या वज्राने हनु भंगली म्हणून हनुमान, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आयुर्वेदात जबडा आवळून बसण्याला ‘हनुग्रह’ म्हणतात. अडचण आजच्या मराठीची आहे. आपल्या बोलण्यात हनु उरली ती फक्त हनुवटीत. त्यामुळे ‘अधोहनु’ वाचणाऱ्याला ‘हनुवटीच्या खालचे काहीतरी’ असे वाटते. त्यातच हनुवटीची चेता ही याच चेतेची एक शाखा, म्हणजे मूळ आणि फांदी यांच्या नावांतच गोंधळ. दाभाड हा शब्द अस्सल आहे, पण तो भांडणात जास्त ऐकू येतो. तेव्हा सरळ ‘खालच्या जबड्याची चेता’ म्हणा. पाठ्यपुस्तकासाठी लिहीत असाल तर ‘अधोहनु चेता’ ठेवायला माझी हरकत नाही. तिथे शेजारी आकृती असते.

नावे नीट लावायची तर ही चेता कुठून कुठे जाते ते डोळ्यांसमोर हवे. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी पाचवी तीन शाखांत फुटते. पहिली डोळा आणि कपाळाकडे जाते, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या. पाचव्या चेतेला कोणी ‘त्रिमूल’ म्हटले तर मी ‘त्रिशाखी’ सुचवीन, कारण तिच्या शाखा तीन असल्या तरी मुळे दोनच आहेत: एक संवेदनेचे, दुसरे हालचालीचे. हालचालीचे मूळ केवळ तिसऱ्या शाखेच्या वाट्याला येते. हे मूळ आणि ही शाखा दोन्ही कवटीच्या तळाशी, जतूकास्थीतल्या अंडाकृती रंध्रातून बाहेर पडतात आणि लगेच एकत्र होतात. जतूका म्हणजे वटवाघूळ. पंख पसरलेले ते हाड एकदा पाहिले की नाव विसरत नाही. तीन शाखांत सर्वांत जाड हीच, आणि स्नायू हलवणारीही हीच एकटी. लॅटिन ‘मॅन्डिब्युला’ ‘चावणे’ या धातूवरून आला आहे, त्यामुळे मूळ नाव तिच्या कामाला शोभते.

हे काम हाताने चाचपून पाहता येते. गालाच्या मागच्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटे ठेवून दात आवळा. बोटांखाली जो स्नायू टणक होतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. मग बोटे कानशिलावर न्या आणि पुन्हा दात आवळा. तिथेही एक रुंद स्नायू फुगतो. आणखी दोन आत, जबड्याच्या आतल्या बाजूला आहेत, त्यांना बोट पोचत नाही. या चौघांनाही हीच चेता चालवते. दातखीळ बसते ती याच स्नायूंची. धनुर्वातात जंतूंचे विष स्नायूंना सैल सोडणारे संदेश अडवते, आणि अनेकदा पहिली तक्रार ‘तोंड उघडत नाही’ हीच असते. उलट एका बाजूची चेता दुबळी झाली, तर तोंड उघडताना जबडा त्याच बाजूला झुकतो. यालाही लोक ‘तोंड वाकडे झाले’ म्हणतात, म्हणून इथे जपायला हवे. ओठाचा कोपरा ओघळणे, डोळा न मिटणे ही लक्षणे सातव्या चेतेची. खालच्या जबड्याच्या चेतेचा हा प्रांत नव्हे.

कवटीतून बाहेर पडल्यावर या चेतेचे खोड फार थोडे अंतर जाते आणि पुढची व मागची अशी दोन भागांत फुटते. पुढच्या भागातल्या शाखा जवळजवळ सगळ्या स्नायूंच्या, एक तेवढी संवेदनेची. मागच्या भागात उलट: शाखा संवेदनेच्या, आणि हालचालीचे तंतू थोडेच, तेही एका उपशाखेतून तोंडाच्या तळाच्या स्नायूंकडे जाणारे. पुढच्या भागातली ती एकटी संवेदनेची शाखा म्हणजे बक्कल नर्व्ह. हिला ‘गालाची चेता’ म्हणताना एक खुलासा हवा. गालाचा स्नायू ही हलवत नाही. त्यातून आरपार जाऊन गालाची आतली त्वचा आणि दाढांच्या बाहेरच्या बाजूची हिरडी यांची जाणीव पोचवते. गाल हलवणारी शाखा सातव्या चेतेची आहे आणि इंग्रजीत तिलाही ‘बक्कल’च म्हणतात. मराठीत ‘गालाच्या आतल्या बाजूची चेता’ म्हटले की हा घोळच संपतो. दंतवैद्य मुख्य इंजेक्शननंतर हिरडीत आणखी एक बारीक टोचणी देतात ती हिच्यासाठी, आणि पत्रकात ते लिहिलेले बरे, कारण पहिल्याने नीट भूल आली नाही म्हणून दुसरे दिले, असा रुग्णाचा समज होतो.

मागच्या भागातली ऑरिक्युलोटेम्पोरल ही शाखा ‘कर्णशंख चेता’ होऊ शकेल, पण मला इथे ‘कानशील’ फार नेमका वाटतो. कान आणि त्याच्या पुढची-वरची जागा हे दोन्ही त्या एका शब्दात आले आहे, आणि चेताही अगदी तिथेच, कानाच्या पुढून कानशिलावर चढते. खालच्या दाढेला ठणका लागला की कानही ठणकतो. कान धड असतो. दाढेची आणि कानशिलाची चेता एकाच खोडाच्या फांद्या असल्याने मेंदूला दुखण्याची जागा नीट ठरवता येत नाही. कानाखालच्या लाळग्रंथीला लाळ सोडायला सांगणारे तंतूही याच चेतेच्या सोबतीने जातात. त्या ग्रंथीची शस्त्रक्रिया झाल्यावर तुटलेले तंतू कधीकधी भलतीकडे, घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात, आणि मग जेवायला बसले की कानापुढे घाम फुटतो, गाल लाल होतो. पोलंडच्या डॉक्टर लुत्सिया फ्राय यांनी १९२३ मध्ये हे नेमकेपणाने मांडले, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे.

मात्र ‘खालच्या जबड्याची चेता’ या नावावरून एक गैरसमज होऊ शकतो. जबड्याच्या कोपऱ्यावरची त्वचा हिच्याकडे नाही, ती मानेतून वर येणाऱ्या चेतेकडे आहे. दाताची भूल चढल्यावर ओठ जड होतो, पण त्या कोपऱ्यावर हात फिरवला की स्पर्श कळतो, तो यामुळे.

राहिल्या दोघी, ज्यांच्यासाठी हे पत्रक आहे. जिभेची चेता खालच्या अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने, हाडाला अगदी खेटून जाते आणि जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाचा स्पर्श व वेदना पोचवते. चव मात्र मूळची हिची नव्हे. सातव्या चेतेचा, कानाच्या पडद्यामागून येणारा बारीक धागा वाटेत हिला मिळतो आणि चव त्याच्यातून जाते. म्हणून ही दुखावली तर स्पर्शाबरोबर चवही जाते. दुसरी इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह, म्हणजे दात बसतात त्या खालच्या खोबण्यांची. चरकाने शरीरातली हाडे मोजताना ३२ दात आणि ३२ ‘दन्तोलूखल’ मोजले आहेत, म्हणजे दातांची उखळे. शब्द सुरेख आहे, पण पत्रकात ‘खालच्या दातांची चेता’ पुरे. ही जबड्याच्या आतल्या बाजूच्या रंध्रातून हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे जाते, आणि तिची एक फांदी उपदाढांच्या खालच्या रंध्रातून बाहेर येऊन हनुवटीची चेता होते. खालच्या ओठाची जाणीवही तीच पोचवते. भूल लागली की नाही हे दंतवैद्य ओठावरून ओळखतात ते याचमुळे. दाताचे काहीही झालेले नसताना हनुवटी आपोआप बधिर झाली, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. क्वचित त्यामागे गंभीर आजार असतो.

पत्रकासाठी मी असे लिहीन: “खालची अक्कलदाढ जिभेच्या आणि खालच्या दातांच्या चेतेजवळ असते. काढताना या चेतांना धक्का लागल्यास जिभेची त्या बाजूची कड, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहू शकते, मुंग्या येऊ शकतात, चव कमी लागू शकते. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो; क्वचित तो कायम राहतो. ओठ हलवण्याची ताकद मात्र जात नाही.” शेवटचे वाक्य गाळू नका. बधिर ओठाला हात लागलेला कळत नाही म्हणून लकवा झाला असे वाटून माणूस घाबरतो, आणि ओठ हलवणारी चेता वेगळीच आहे हे त्याला आधीच कळलेले असले पाहिजे.