बैठक मारताना पावलं बाहेर वळतात. खुबा ताणून मोकळा होतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा 15 वर्षांचा, कोल्हापुरात तालमीत जातो. पावलं सरळ ठेवून बैठक मारली की अर्ध्यात अडकतो, बाहेर वळवली की सहज खाली जातो. जोडीदारांच्या मते खुबा आखडलाय, म्हणून ते त्याला धरून पाय फाकवतात. हे चालू द्यावं का, आणि खुब्याचा सांधा असतो तरी कुठं?

धरून पाय फाकवणं आजच बंद करा. कारण पुढं येईलच, पण त्यासाठी आधी सांध्याची जागा कळायला हवी.

मी इथं फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडं तालमीतली पोरं येतात आणि पेठांच्या टीममधली फुटबॉलवालीही. "खुबा दुखतोय" म्हणणारा बहुतेक वेळा कमरेखाली बाजूला हात ठेवतो. तिथं हाताला लागतो तो मांडीच्या हाडाचा बाहेर आलेला उंचवटा. कुशीवर झोपलं की गादीला टेकतो तोच. सांधा त्याच्या आतल्या बाजूला, पुढं, जांघेत खोलवर असतो. जांघेत बोटांनी दाबल्यावर नाडी लागते ना, जवळपास तिच्या मागेच मांडीच्या हाडाचा गोल चेंडू खोबणीत बसलेला असतो. त्यामुळं सांध्याचं खरं दुखणं जांघेत जाणवतं किंवा मांडीच्या पुढून खाली उतरतं. कधी कधी तर फक्त गुडघाच दुखतो, कारण खुब्याला आणि गुडघ्याला पुरवठा करणाऱ्या काही नसा एकच आहेत. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ज्या खोबणीत हा चेंडू बसतो ती कटिराच्या हाडात असते. दोन्ही बाजूंची दोन मोठी हाडं, मागं पाच मणके जुळून झालेलं त्रिकास्थी आणि त्याच्या टोकाला माकडहाड, असा हा सगळा सांगाडा. बाजूचं प्रत्येक हाड मुळात तीन हाडांचं. वरचं पसरट, ज्याच्या कडेवर आपण कमरेवर हात ठेवतो. खालचं, ज्याच्यावर आपण बसतो. आणि पुढचं, जे मधोमध दुसऱ्या बाजूच्या हाडाला भेटतं. ही तिन्ही खोबणीतच एकत्र येतात. लहानपणी त्यांच्यामध्ये कूर्चा असते आणि वयात येताना तिचं हाड होतं. तुमच्या मुलाच्या वयात हे काम नुकतंच उरकलेलं असतं किंवा उरकत आलेलं असतं. मागचे त्रिकास्थीचे सांधे जेमतेम काही अंश हलतात. म्हणून लोक ज्याला "कंबर मोकळी असणं" म्हणतात, त्यातला मोठा वाटा खुब्याचा आणि पाठीच्या खालच्या मणक्यांचा असतो.

शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात. खांदाही त्याच प्रकारचा, पण खांद्याची खोबण उथळ आणि खुब्याची खोल, वर तिच्या कडेला कूर्चेची आणखी एक झालर. कुस्तीत खांदा निखळलेला पैलवान तुम्हाला कुठल्याही तालमीत भेटेल. धडधाकट माणसाचा खुबा निखळतो तो सहसा गाडीच्या अपघातात. एका पायावर नुसतं उभं राहिलं तरी या सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. धोबीपछाड मारताना समोरचा गडी पाठीवर असतो तेव्हा काय होत असेल, तुम्हीच हिशेब करा.

आता बैठकीकडं येऊ. तालमीतली बैठक चवड्यावर असते, खाली जाताना टाचा उचलतात. जिममध्ये टाचा टेकवून स्क्वॉट मारताना घोटा अडवू शकतो, इथं तो प्रश्न फारसा येत नाही. मांडीमागचे स्नायू? गुडघा दुमडलेला असल्यामुळं ते खालच्या बाजूनं सैल पडलेले असतात. खुब्याच्या पुढं जो जाड अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा) आहे, शरीरातला सगळ्यात मजबूत मानला जाणारा, तो सरळ उभं राहिल्यावर ताणला जातो आणि खाली बसल्यावर ढिला पडतो. म्हणजे "शिरा आखडल्यात" म्हणणाऱ्यांनी ज्या गोष्टींवर संशय घ्यावा, त्या बहुतेक बैठकीच्या तळाशी ढिल्याच असतात. अडवतं ते बऱ्याचदा हाड. मांडी वर आली की चेंडूखालची मान, म्हणजे चेंडूला मांडीच्या हाडाच्या दांड्याशी जोडणारा निमुळता भाग, खोबणीच्या पुढच्या कडेला टेकते. पाय बाहेर वळवला की मान त्या कडेला चुकवून जाते.

मान कधी टेकणार हे हाडांच्या ठेवणीवर असतं. मोठ्या माणसात मान मांडीच्या दांड्याशी साधारण 125 अंशांचा कोन करते, आणि पुढच्या बाजूला अंदाजे 15 अंश वळलेली असते. जन्मताना हे वळण 30 ते 40 अंश असतं, वाढताना कमी होत जातं. कुणाचं जास्त उरतं, कुणाचं अगदी थोडं. खोबणीचं तोंडही बाहेर, खाली आणि थोडं पुढं असतं, पण किती पुढं हे माणसागणिक वेगळं. मान कमी वळलेली असेल तर पावलं बाहेर टाकून बसणं हीच त्या पोराची नैसर्गिक बैठक. ती ताणून बदलत नाही, आणि बदलायची गरजही नाही. गुडघे पावलांच्या दिशेतच वळत असतील, आत कोसळत नसतील, तर वस्तादांनीही हरकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी एक गोष्ट बघता येते. त्याला पोटावर झोपवा, गुडघे काटकोनात दुमडा आणि दोन्ही नडग्या आपोआप बाहेरच्या बाजूला पडू द्या. मग एकेक पाय सरळ उभा धरून आतल्या बाजूला पडू द्या. बाहेर थोड्याच पडल्या, आत भरपूर गेल्या, आणि हे दोन्ही पायांत सारखं असेल, लहानपणापासून तो फेंगडाच चालत असेल, दुखत काहीच नसेल, तर बहुतेक ती हाडांची ठेवण. सोडून द्या.

दोन पायांत फरक दिसला तर मात्र मी थांबेन. एक पाय अलीकडंच बाहेर वळायला लागलाय, तो थोडा लंगडतोय, जांघ किंवा गुडघा दुखतोय, यातलं काहीही असेल तर बैठका, धावणं, कुस्ती सगळं बंद. या वयात चेंडू आणि मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा अजून शाबूत असते. कधी कधी ती सरकते: चेंडू खोबणीतच राहतो आणि खालचं हाड पुढं सरकून बाहेर वळतं. हे बहुतेक वेळा वयात येणाऱ्या, झपाट्यानं वाढणाऱ्या, अंगानं भरलेल्या मुलांत होतं. दूध-बदामाचा खुराक चालू असलेला 15 वर्षांचा पैलवान त्या वर्णनात चपखल बसतो, म्हणून मी तालमीतल्या पोरांच्या बाबतीत जास्त सावध असते. खूण अशी की पाठीवर झोपवून गुडघा छातीकडं नेला तर तो सरळ न येता आपसूक बाहेर, काखेच्या दिशेला वळत जातो. चेंडूला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेवरूनच वर जातात. हाड आणखी सरकलं तर त्या दबतात, आणि चेंडूचा भाग मरू शकतो. वेळेत कळलं तर बहुतेक वेळा एक स्क्रू घालून ते तिथंच थांबवतात. हे दोन्ही बाजूंना होऊ शकतं, म्हणून दोन्ही पाय सारखे पण हल्लीच बिघडलेले असले तरी गाफील राहू नका.

अशा मुलांचा गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, तो चांगला येतो, आणि घरचे निर्धास्त होतात. तुम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडं गेलात, सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळ कुणाकडं, तर दोन्ही खुब्यांचे एक्स-रे, समोरून आणि बाजूनं, असं विचारूनच घ्या. तिथं जाताना त्याला त्या पायावर भार देऊ देऊ नका, गाडीतून न्या.

आता पाय फाकवण्याचं. बसताना टेकतात त्या हाडांना मांडीमागचे जाड स्नायू चिकटलेले असतात, आणि त्या जागेचा तुकडा मूळ हाडाला पक्का जुळायला विशी उजाडते. तोवर जोरात, अचानक ताण आला तर स्नायूच्या आधी हाडाचा तुकडा सुटतो. मुलं सांगतात, "कट् असा आवाज आला." हेच फुटबॉलमध्ये जोरात किक मारताना कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाखाली होतं. स्वतः हळूहळू पाय ताणणारा मुलगा दुखलं की थांबतो. अंगावर दोघं बसलेले असताना त्याला थांबता येत नाही, आणि तालमीत "दुखतंय" म्हणायची पोरांना लाजही असते. वस्तादांशी बोलताना एवढं तरी मान्य करून घ्या की त्याचा पाय दुसरा कुणी ताणणार नाही. बाहेर वळलेल्या पावलांनी त्याच्या बैठका चालू राहिल्या तरी चालतील, पण घरची तपासणी आधी करा.