मुख्य लाइन तुटली, तरी बॅकअप लागला नाही : डायल बॅकअपविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : चाकणच्या कारखान्यातून शिवाजीनगरच्या मुख्य कार्यालयाकडे येणारी आमची फायबर लाइन रस्त्याच्या खोदाईत तुटली, तरी आमच्या सिस्को राउटरने (डेटाला मार्ग दाखवणाऱ्या यंत्राने) बॅकअप लाइनवर डायल केले नाही, म्हणजे फोनसारखा कॉल लावून पर्यायी जोडणी केली नाही. ‘बॅकअप इंटरफेस’ कमांड तर दिलेली आहे.

उत्तर : ती कमांड फक्त आपल्याच राउटरचा इंटरफेस (लाइन जोडण्याचे तोंड) ‘डाउन’ झाला का, एवढे पाहते. आपली लाइन इथरनेटवर उतरत असेल, तर फायबर मोशीजवळ तुटली तरी राउटर आणि कन्व्हर्टर (फायबरचे संकेत इथरनेटच्या केबलवर आणणारी पेटी) यांमधील केबल शाबूत असल्याने इंटरफेस बहुधा ‘अप’च राहतो. म्हणून पलीकडचे टोक पोहोचते का, यावर बॅकअप अवलंबून ठेवावा. मुख्य मार्ग ओएसपीएफमधून (राउटरांनी एकमेकांना मार्ग आपोआप कळवण्याच्या पद्धतीतून) येत असल्यास त्याचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्गाची पसंती ठरवणारा आकडा; लहान आकड्याचा मार्ग आधी निवडला जातो) मुळात ११० असते. बॅकअपचा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) २०० या अंतराने लिहिला (यालाच फ्लोटिंग स्टॅटिक रूट म्हणतात), की शेजारी, म्हणजे पलीकडचा ओएसपीएफ राउटर, हरवून मुख्य मार्ग गळताच तो आपोआप पुढे येतो. मुख्य मार्गही स्टॅटिक असेल, तर पलीकडच्या राउटरला सतत पिंग करून (‘आहेस का’ असे विचारून) त्याच्याशी तो मार्ग ‘ट्रॅक’ करून बांधावा, म्हणजे उत्तर थांबताच तो मार्ग गळतो. येथे एक चूक मी वारंवार पाहतो : त्या पिंगच्या पत्त्यासाठी फक्त मुख्य लाइनवरून जाणारा स्वतंत्र रूट लिहिलेला नसतो. मग पिंग बॅकअपवरून यशस्वी होतो, राउटरला मुख्य लाइन सुधारल्यासारखी वाटते आणि दोन्ही मार्ग दर थोड्या वेळाने अदलाबदल करत राहतात.

प्रश्न : आमची बॅकअपची आयएसडीएन (डिजिटल टेलिफोन) लाइन एकदा लागली की दिवसभर सुटतच नाही.

उत्तर : ओएसपीएफचे हॅलो पॅकेट (शेजारी राउटरला ‘मी आहे’ असे कळवणारा छोटा संदेश) बहुतेक लाइनवर दर १० सेकंदांनी जाते, आणि डायलरचा (कॉल लावणाऱ्या इंटरफेसचा) आयडल टाइमआउट (कामाचे पॅकेट न आल्यास कॉल सोडण्याची मुदत) मुळात १२० सेकंदांचा असतो, म्हणजे कॉल सुटायला सवडच मिळत नाही. डायलर-लिस्टमधून (कोणत्या पॅकेटसाठी कॉल लावायचा, हे सांगणाऱ्या यादीतून) ओएसपीएफ वगळावे. त्या यादीत नाकारलेले पॅकेट अडवले जात नाही, केवळ त्याच्यामुळे कॉल लागत नाही किंवा टाइमआउट पुन्हा सुरू होत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्यावे. फ्लोटिंग स्टॅटिक रूट वापरत असाल, तर डायलरवर ओएसपीएफ चालवण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न : साठ शाखांसाठी मुख्य कार्यालयात एक पीआरआय (एकाच वेळी अनेक कॉल घेणारी आयएसडीएन लाइन) पुरेल का?

उत्तर : ई-१ प्रकारच्या पीआरआयवर ३० चॅनेल (प्रत्येकी एक कॉल वाहणाऱ्या वाटा) असतात, त्यामुळे प्रत्येकी एक चॅनेल धरल्यास एका वेळी तीसच शाखा जोडल्या जातील. एखाददुसरी लाइन तुटली, तर हे भरपूर आहे. पण मुख्य कार्यालयाचीच लाइन गेली, तर साठही शाखा एकदम डायल करतील. त्या प्रसंगासाठी कार्यालयाची दुसरी लाइन वेगळ्या रस्त्याने आणावी, कारण एकाच चरातल्या दोन केबल एकाच फावड्याखाली येतात. कॉल नेहमी शाखेनेच करावा. दोन्ही टोकांनी एकाच वेळी डायल केले, तर दोघांनाही लाइन व्यस्त मिळू शकते. शिवाय परतीचा फ्लोटिंग रूट मुख्य राउटरवरही लिहावा. तो विसरला, तर कॉल लागूनही उत्तरे शाखेपर्यंत पोहोचत नाहीत.